अक्कांची जोडीण

सकाळी सातच्या सुमारास आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, नुसती फर्मानं सुटत असतात. डबा, मोजे, बाटली, वेणी. त्या दिवशी धाकटीची एक वेणी घालून झाली होती, दुसरी माझ्या हातात होती आणि गॅसवर दूध वर येत होतं. तेवढ्यात दार वाजलं.

"उघडा हो कोणीतरी," मी ओरडले. आमच्या घरात 'कोणीतरी' नावाचा माणूस एकच आहे, आणि तो त्या वेळी आरशासमोर गालाला फेस लावून उभा होता. शेवटी वेणी न सोडता, म्हणजे धाकटीला मागे ओढतच, मी दार उघडलं.

दारात वरच्या मजल्यावरच्या अक्का उभ्या होत्या.

त्या वेळी त्या दारात असणं शक्यच नव्हतं. अक्का उजाडायच्या आत लाँड्रीत कामाला जातात आणि दुपार उलटल्यावर येतात. सकाळच्या उजेडात मी त्यांना रविवारशिवाय पाहिलेलंच नव्हतं. अंगावर कामाचा निळा एप्रन, पायात लाँड्रीतल्याच रबरी चपला, केस विस्कटलेले, आणि मुठीत एक किल्ली.

"लाँड्रीवर धाड पडली," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या देशातल्या, कागद नसलेल्यांना गाडीत घालून नेलं. टेबलावरच्या माझ्या जोडिणीलापण."

"अहो, पण... आणि ही किल्ली?"

"तिच्या खोलीची. नेताना माझ्या हातात कोंबली. का दिली ते कळलं नाही. काही चालू राहिलं असेल तिचं. तू चल गं माझ्याबरोबर. एकटीनं ते कुलूप उघडायचा धीर होत नाही मला."

मागे दूध उतू गेलं. ह्यांनी अर्धी दाढी सोडून गॅस बंद केला, तेवढं पुण्य त्यांच्या खात्यावर. धाकटी एक वेणी घट्ट, एक मोकळी अशीच शाळेत गेली.

खोली लाँड्रीच्या मागच्या बोळात होती, पत्र्याच्या छपराची. तिघीजणी राहायच्या तिथे, आणि तिघींनाही नेलेलं. कुलूप काढलं तर आत पंखा गरगरत होता. त्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचा एक जुना फोटो टाचणीवर हलत होता. दाराजवळ बादलीत कपडे भिजत पडलेले. खिडकीत एकाच पेल्यात तीन ब्रश. आणि कोपऱ्यात तीन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, प्रत्येकीवर एकेक चादर. लाँड्रीतून मोडीत काढलेल्याच चादरी होत्या, ठिगळं लावलेल्या. पण घडी अशी की कडेवर कडा, कोपऱ्यावर कोपरा. दुकानातल्या नव्या कोऱ्या चादरीलाही अशी घडी नसते.

अक्कांनी आधी पंखा बंद केला. मग पदर खोचून बादलीपाशी बसल्या आणि ते भिजलेले कपडे पिळायला लागल्या.

"अक्का, आता कशाला?"

"वास येईल ना. भिजवलेले कपडे असे सोडून जातात का?"

एकेक कपडा झटकून त्यांनी दोरीवर घातला. एक हिरवा कुडता होता, त्याची बाही उलटी राहिली होती. ती सरळ करून त्यांनी पुन्हा घातला. मी दारात उभी राहून बघत होते. मदत करावी असं वाटत होतं, पण त्या कपड्यांना हात लावायचा अधिकार एकट्या अक्कांचा आहे, हेही कळत होतं.

अक्का म्हणजे आमच्या कोणाच्या सख्ख्या अक्का नव्हेत. साऱ्या इमारतीच्या अक्का. त्यांचा नवरा ट्रकवर होता. लग्न जुनं व्हायच्या आतच एकदा माल घेऊन गेला तो परत आलाच नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. त्याबद्दल अक्का एवढंच म्हणतात, "ट्रकपण घेऊन गेला मेला. तो तरी ठेवायचा, विकून खाल्ला असता." मूलबाळ नाही. पोटासाठी त्या या लाँड्रीत लागल्या. इथे घरगुती कपडे येत नाहीत. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असा गाडाभर माल येतो. पहिली काही वर्षं त्यांनी मळक्या चादरी निवडायचं काम केलं. ते काम कसं असतं ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यानं नुकतंच काही खाल्लं असेल. तिथून त्या रोलरवर गेल्या आणि रोलरवरून घडीच्या टेबलावर. टेबलावर आल्या त्या तिथल्याच झाल्या.

घडीचं काम जोडीचं असतं. तापलेल्या रोलरमधून ओली चादर कोरडी होऊन बाहेर येते, हात भाजेल इतकी गरम. एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते. चादर ताणायची, लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची. मग जोडीतल्या मुख्य बाईनं एक हलकासा हिसका द्यायचा. त्या हिसक्यानं सुरकुती निघते आणि समोरचीला कळतं, आता ये. ती चालत येते, आपली टोकं हिच्या हातात देते, खाली लोंबणारी घडी उचलते. झाली चादर. पुढची.

अक्कांची जोडीण दूरच्या देशातून आलेली. उंच, किडकिडीत, वयानं अक्कांच्या लेकीसारखी. आली तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता, आणि अक्कांना तिचा. मालकानं दोघींना एका चादरीची दोन टोकं दिली आणि विषय संपवला. पुढची कित्येक वर्षं त्या दोघी दिवसभर एकमेकींकडे चालत येत राहिल्या. अक्का तिला नावानं हाक मारत नसत. "माझी जोडीण" म्हणत. "नवरा-बायकोसुद्धा एवढा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत," असं म्हणून हसायच्या.

धाडीच्या दिवशी आमच्या गल्लीत काहीजण खूश होते. किराणावाले काका म्हणाले, "बरं झालं. आपल्या माणसांना कामं मिळतील." त्यात सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा बरेच दिवस बेकार बसला होता, त्याला खरोखरच रोलरवर घेतलं. पण माणसं गेली ती टेबलंच्या टेबलं रिकामी करून गेली होती. घडीच्या दालनात अक्का आणि आणखी दोघी एवढ्याच उरल्या. आठवडा सरायच्या आत माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

"डॉक्टर आजारी आहेत का?" मी विचारलं.

"डॉक्टर ठणठणीत आहेत. चादरी नाहीत म्हणे! मी म्हटलं, घरून आणते, फुलाफुलांच्या आहेत चांगल्या. तर ती नर्स हसली माझ्यावर."

मग हॉटेलांनी खोल्या बंद ठेवायला सुरुवात केली. बोळातला चहावाला गाडी घेऊन कुठेतरी निघून गेला, कारण सकाळच्या पाळीला चहा पिणारंच कोणी राहिलं नव्हतं. पत्र्याच्या खोल्यांच्या मालकानं अक्कांकडून ती किल्ली मागून नेली. पण खोलीला नवं कोणी मिळालं नाही.

लाँड्रीच्या मालकाला हॉस्पिटलानं महिनाअखेरीची मुदत दिली. तोवर रोजचा माल रोज उरकला नाही, तर ते वापरून फेकायच्या कागदी चादरी आणणार होते. मालक टेबलापाशी येऊन अक्कांना म्हणाले, "अक्का, आता सगळं तुमच्या हातात. नव्या बायका तयार करा. नाहीतर हे दालन मला बंद करावं लागेल."

मालकांबद्दल अक्कांचं मत सरळ आहे. "कागद नाहीत हे त्याला काल कळलं का? सगळं माहीत होतं. म्हणूनच तर आठवड्याची सुट्टी देत नव्हता त्यांना. आता तोंडचं पाणी पळालंय." पण त्या हे मालकांच्या पाठीमागे म्हणाल्या. तोंडावर म्हणाल्या, "बघते."

त्यांच्यापुरता प्रश्न साधा होता. टेबल गेलं की अक्कांना सकाळी उठून जायला जागाच उरणार नव्हती.

नव्या बायका आल्या. मजुरी वाढवल्यामुळे बऱ्यापैकी आल्या. आणि मीही गेले. मुलं शाळेत गेल्यावर दोन-तीन तास. घरात यावरून जे बोलणं झालं ते थोडक्यात असं: "आपल्या घरातल्या चादरी चार-चार दिवस दोरीवर लोंबतात आणि बाईसाहेब गावच्या चादरींना घड्या घालायला निघाल्या." मी म्हटलं, "त्या दोरीपाशी कोणीतरी गेलं तरी चालतं." 'कोणीतरी'नं पेपरात डोकं घातलं.

दालनात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती वाफ. मग आवाज. मग आपले हात. तासाभरात माझी बोटं लाल झाली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गोरीगोमटी, नेलपॉलिश लावलेली पोरगी होती. ती म्हणाली, "अक्का, जिमचे पैसे वाचले माझे." अक्कांनी तिच्या चादरीकडे बघितलं. "ही घडी आहे? ही बघून पेशंट उठून बसेल आणि स्वतः नीट घालेल." मला म्हणाल्या, "तू चादर धरलीयेस का सापाचं शेपूट? चावत नाही ती, घट्ट धर."

बायका हसायच्या, पण टिकत नव्हत्या. कोणी दोन दिवस, कोणी आठवडा. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात उभं राहावं तसं दिवसभर उभं राहायचं, आणि पाठीला टेकायला काही नाही. शिवाय अक्का शिकवताना मधेच काहीतरी अगम्य बोलत. चादर उलट करायला 'तेका' म्हणत, डाग असला की 'सोरू'. नेलपॉलिशवाली एकदा म्हणाली, "अक्का, हे कुठलं मंतर?"

"लाँड्रीतले शब्द आहेत हे. कामाचे."

"आमच्या आत्या दुसऱ्या लाँड्रीत होत्या, त्या नाही असं बोलायच्या."

अक्का थबकल्या. इतकी वर्षं त्या शब्दांना त्या धंद्याचे शब्द समजत होत्या. ते त्यांच्या जोडिणीच्या भाषेतले होते, थोडे तिथल्या बाकीच्यांच्या. आणि आता अख्ख्या दालनात ते कळणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. त्या दिवशी पुढचं काम कोणत्याही शब्दाविनाच झालं. डाग दिसला की नुसतं बोट दाखवायच्या.

माझी आणि त्यांची जोडी लागली तेव्हा मला एक गोष्ट खटकली. आमच्या घड्या वाकड्याच होत होत्या. मी कधी लवकर पुढे जायची, कधी उशिरा. चादर मधे ढिली पडून जमिनीला लागायची, आणि जमिनीला लागली की परत धुवायला. मी म्हटलं माझंच चुकतंय. मग दुसऱ्या टेबलांकडे बघितलं. तिथे उरलेल्या दोघी जुन्या बाया नव्या पोरींना घेऊन काम करत होत्या, आणि प्रत्येक चादरीला तो हिसका देत होत्या. पोरी हिसक्यासरशी पुढे येत होत्या. अक्का हिसका देतच नव्हत्या. त्या नुसत्या उभ्या राहायच्या आणि मी येण्याची वाट बघायच्या.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही ओढून इशारा का देत नाही? मला कळतच नाही कधी यायचं ते."

त्यांच्या हातातली टोकं सुटली. गरम चादर टेबलावरून घसरून खाली गेली. सापाचं शेपूट म्हणून मला हसणाऱ्या बाईच्या हातून. त्यांनी ती उचलली, मळक्या कपड्यांच्या गाड्यात टाकली आणि भिंतीकडच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले.

त्या बोलू लागल्या. रोलरच्या आवाजात मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"त्या दिवशी ते लोक पुढच्या दारानं आत आले. 'जिथं आहात तिथं थांबा, कागद दाखवा,' म्हणाले. बॉयलरकडच्या दारानं दोघी-तिघी सटकल्या. माझी जोडीण त्याच बाजूला उभी होती. ते बघ, तिथं. हात लांब केला असता तर कडीला लागला असता. तिच्या हातात चादर होती, माझ्या हातात चादर होती. तिनं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं."

"मग?"

"मी हिसका दिला."

मी त्या दाराकडे बघितलं.

"मुद्दाम नाही गं. डोकं कुठं होतं जाग्यावर? हातच तसा आहे. चादर ताणलेली, लांबीत दुमडून झालेली, पुढं काय करायचं ते हाताला माहीत. आणि तिच्या पायालापण माहीत. ती आली चालत. टोकं दिली माझ्या हातात, घडी उचलली, नीट ठेवली गठ्ठ्यावर. वळली तोवर त्या दारात त्यांचा माणूस उभा होता." अक्कांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. "मी सोडून दिली असती चादर, तर ती गेली असती. पडली असती चादर खाली. धुतली असती पुन्हा. काय बिघडणार होतं?"

"अक्का, ती बाहेर जाऊनही सापडलीच असती कदाचित. गल्लीतपण गाडी उभी होती म्हणतात."

"म्हणतात. त्या दारानं सटकलेल्या नाही सापडल्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू मला समजावू नकोस. मी तुला सांगितलं कारण तू विचारलंस."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं, त्यांनी खरंच प्रयत्न केला. नेलपॉलिशवालीला समोर उभी केली, चादर ताणली, दुमडली. मग दातावर दात दाबून उभ्या राहिल्या. मनगट हललं नाही. ती पोरगी म्हणाली, "येऊ का?" अक्का म्हणाल्या, "ये." अशा प्रत्येक चादरीला "येऊ का" आणि "ये". दुपारपर्यंत गाड्यांची रांग दालनाबाहेर गेली.

महिना संपला. हॉस्पिटलचा माणूस आला, गठ्ठे उलगडून घड्या बघितल्या, मालकांशी केबिनमध्ये बोलला. त्यानंतर हॉस्पिटलच्या गाड्या आल्याच नाहीत. हॉटेलांचे टॉवेल उरले, त्यांना एका माणसाची घडी पुरते. रोलर थंड झाला. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा पुन्हा कट्ट्यावर दिसू लागला. मालकांनी अक्कांना टॉवेलांवर बसवायची तयारी दाखवली होती. अक्का दोन दिवस गेल्या आणि तिसऱ्या दिवशी उठल्याच नाहीत. मालकांना निरोप धाडला, की टॉवेल जमणार नाहीत, मी आता येत नाही.

मी त्यांच्याकडे जायचं ठरवत होते, पण घर म्हटलं की एकामागून एक काही ना काही निघतंच. धाकटीला ताप आला, मग जाऊबाईंचं ऑपरेशन झालं, कागदी चादरीवर. त्या म्हणाल्या, "कुशीवर वळलं की चुरचुर वाजते गं, झोप कसली लागते." असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मी वर गेले.

अक्कांचं दार लोटलेलंच होतं. खोली लख्ख. इतकी लख्ख, की बघणाऱ्याला कळावं, हिला दुसरं काही करायला नाही. त्या खिडकीशी बसल्या होत्या, फोन मांडीवर.

"फोन आला होता तिचा," त्या म्हणाल्या. "पोचली. आईकडे आहे."

"अगंबाई! मग? काय म्हणाली?"

"काय म्हणणार?" अक्का हसल्या, पण ते हसू तोंडापुरतंच होतं. "ती म्हणाली 'अका.' तिला दोनदा क म्हणता येत नाही. मी म्हटलं 'जोडीण.' ती म्हणाली 'तेका.' मी म्हटलं 'सोरू.' दोघी हसलो. मग ती म्हणाली 'चहा', मी म्हटलं 'चहा.' मग संपलं."

"संपलं म्हणजे?"

"शब्द संपले गं. आमच्याकडे डागाला शब्द आहे, उलट-सुलटला आहे, गरमला आहे, मालकाला तर चार आहेत, चारही वाईट. पण चुकलं म्हणायला नाही. कधी लागलाच नाही तो. चुकलं की चादर परत धुवायला टाकायची, बोलायचं काय त्यात? मी फोन धरून बसले, ती तिकडे धरून बसली. मागं कोंबडा ओरडत होता तिच्याकडं. मग पैसे संपले तिचे."

मी म्हटलं, तिची भाषा येणारं कोणी शोधू, त्याच्याकडून विचारू. अक्कांनी मान हलवली. "तिसऱ्या माणसाच्या तोंडून नको. तिला येईल तेव्हा ती ठेवेल माझ्यावर राग, नाहीतर नाही ठेवणार."

समोर स्टुलावर ताट झाकलेलं होतं. मी झाकण उचललं. भात गार होऊन वर साय धरल्यासारखा झाला होता. एक घासही मोडलेला नव्हता.

"हे कधीचं, अक्का?"

"सकाळचं. कालचंपण असंच टाकलं. भूक लागते गं, लागत नाही असं नाही. ताट घेऊन बसते आणि घास हातात तसाच राहतो. तिकडं आम्ही सगळ्या गठ्ठ्यांवर बसून जेवायचो. कोणी बोलायचं नाही फार, बोलणार काय आणि कोणत्या भाषेत? पण आजूबाजूला तोंडं हलत असायची." त्यांनी ताट मांडीवर घेतलं. "तुला घाई आहे?"

माझ्या घरी इस्त्रीचे कपडे पडले होते आणि शाळेची बस यायला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "नाही."

"मग मी जेवते तोवर इथं बस. बोलायला नको काही. नुसती समोर बस."